चक्रधरस्वामींवर संगीतिका बसवतोय, पण स्वामींना स्टेजवर आणायचं का?

मालकंस

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी अमरावतीत गाणं शिकवते. आमचं एक हौशी मंडळ आहे, चौदा गाणारे, पेटी, तबला आणि एक सारंगीवाले आजोबा जे गुडघे बरे असतील तेव्हा येतात. दोन वर्षांपासून डोक्यात एकच खूळ आहे, चक्रधरस्वामींनी स्थापलेला महानुभाव पंथ कसा उभा राहिला यावर पूर्ण गाण्यातलं नाटक करायचं. पूर्ण म्हणजे पूर्ण, मध्ये गद्य नाही. रिद्धपूर आमच्यापासून तासाभरावर, मोर्शी तालुक्यात, लहानपणापासून जातेय, आणि तिथल्या मातीत एवढी गोष्ट पडलेली असताना ती कुणी गाऊन का सांगत नाही असं सारखं वाटायचं.

संहिता जवळपास झालीये. पहिला अंक पैठण, शके ११९० च्या आसपास, स्वामींची शिष्या बाइसा, हळूहळू जमणारी माणसं, बायका, भट, सगळे. दुसरा अंक म्हणजे यादवांच्या राज्यात वाढत गेलेला विरोध, यादवांचा मंत्री हेमाद्री पंडित, आणि शेवटी शके ११९६ मध्ये स्वामींचं उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडे, निघून जाणं. तिसरा अख्खा रिद्धपूर. स्वामींचे गुरू गोविंदप्रभू, स्वामींमागे पंथ सांभाळणारे नागदेवाचार्य, स्वामींच्या आठवणींचं लीळाचरित्र लिहिणारा म्हाइंभट, आणि महदाइसा, जिला आपण महदंबा म्हणून शाळेत आद्य मराठी कवयित्री एवढ्या एका ओळीत शिकलो. गोविंदप्रभूंना एकदा लग्नाची लहर आली, गावभर मांडव, आणि महदाइसेला म्हणाले गा. तिने तिथे श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गायले. म्हणजे बघा, पंथाच्या उभारणीच्या काळात ऐन मध्यावर एक गाणारी बाई उभी आहे, मला वेगळं काही रचायचीही गरज नाही.

आता गाडी अडलीये ते सांगते. मागच्या रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये पहिलं वाचन झालं, ओळखीची तीसेक माणसं बोलावली होती. पहिला अंक संपतो न संपतो तोच मागून एका काकांनी विचारलं, "स्वामींचं काम कोण करणार?" सगळे गप्प. आमच्यातला सगळ्यात सुरेल मुलगा उभा राहिला. गुणी आहे, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे, आवाज तर असा की अंगावर काटा येतो. काका त्याच्याकडे बघत म्हणाले, "हा काल टपरीवर खर्रा घोटत होता बाई. उद्या याच्या पाया पडायचं का आम्ही?"

हसले सगळे. पण मी घरी येऊन झोपले नाही. सल्ला हवाय, कोणी असं काही केलंय का?

---

कटकट्या

धागा छान, पण ऑपेराबिपेरा कशाला? ३१ ऑक्टोबर १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात शाकुंतल उभं केलं तेव्हापासून आपल्याकडे संगीत नाटक आहे की. उगाच इटालियन टोपी.

---

मालकंस

@कटकट्या, संगीत नाटकात बोलणं येतं हो. पात्र बोलतं, मग थांबून पद म्हणतं, वन्समोअर घेतं, परत बोलतं. आमच्यात भाजीवाली बाई भावसुद्धा गाऊनच सांगणार. म्हणून संगीतिका. टोपी देशीच आहे, काळजी नसावी.

---

ठेचा_भाकर

राजेहो, आपल्या रिद्धपूरचं नाव या फोरमवर पाहून लय बरं वाटलं. मॅडम तुमी करा बिनधास्त. मी काय म्हन्तो, तो खर्रावाला पोरगा ठेवा, फक्त प्रयोगाच्या महिनाभर आधीपासून खर्रा बंद करा म्हना त्याले. जमला तर तोच पहिला चमत्कार.

---

नामधारक

दंडवत प्रणाम.

आमचं घर चार पिढ्या उपदेशी, म्हणजे महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेलं आहे, जळगावकडचे आम्ही. तुमचा हेतू चांगला आहे हे लिहिण्यावरून कळतंय म्हणून लिहितो, एरवी अशा धाग्यांकडे फिरकत नाही. ते काका चिडले ते खर्ऱ्यावरून नाही चिडले ताई. आमच्यासाठी स्वामी हे संत किंवा समाजसुधारक नाहीत. पंचकृष्णांपैकी एक, साक्षात परमेश्वर अवतार. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर. तुम्ही म्हणाल तुकारामांवर नाटकं झाली, ज्ञानेश्वरांवर सिनेमा झाला. ते वेगळं.

आणखी एक सांगतो. तुम्ही रिद्धपूरला जाता म्हणजे ओटे पाहिले असतीलच. स्वामी जिथे बसले, जिथे जेवले, जिथे निजले, त्या त्या जागेला ओटा. कुठली जागा कुठे, दार कुठल्या दिशेला, हे सगळं स्थानपोथीत लिहून ठेवलंय. आमचे लोक त्या ओट्याला माथा टेकतात. माझी आजी जाळीच्या देवाला, आमच्या पंथाच्या तीर्थाला, गेली की ओट्यावर हात फिरवायची, जसं कोणी आत्ताच उठून गेलंय आणि जागा अजून उबदार आहे. तुम्ही तिथे माणूस बसवलात की माझ्या आजीचा तो हात कुठे फिरणार?

विरोध नाही करत. विचार करा एवढंच.

---

मालकंस

@नामधारक दादा, दंडवत. तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. आजीचा हात डोक्यातून जात नाहीये.

---

मांडवी

मी गोव्यातला, आमच्या गावात जत्रेला दरवर्षी देवळासमोर संगीत नाटक होतं, मी वीस-बावीस वर्षं कामं करतोय. त्यामुळे थोडी उलट बाजू मांडतो, रागावू नका. लोकांना देव दिसायला हवा असतो. एका वर्षी मी कृष्ण होतो, पहिल्या प्रवेशालाच पुढच्या रांगेतली एक आजी उठली आणि आपला नातू माझ्या हातात देऊन मोकळी झाली. नाटक थांबलं. पोर रडतंय, ऑर्गनवाला सूर धरून बसलाय, मी मुकुट सांभाळतोय. मी पोराच्या डोक्यावर हात ठेवला, आजीने परत घेतलं, आणि पद पुढे सुरू. नंतर कोणी मला विचारलं नाही की तू दिवसा काय करतोस (बँकेत कॅशियर आहे, दिवसा लोक माझ्याशी भांडतात).

तर सांगायचं काय, सोंग आणि देव यातला फरक आपल्या प्रेक्षकाला चांगला कळतो आणि तरीही तो नमस्कार करतो. दशावतारात तेच, लळितात तेच. रिकामं स्टेज ही शहरी लोकांची हौस आहे असं माझं मत. तीन अंक ज्याच्याबद्दल सगळे गातात तो दिसतच नाही, लोक तिकिटाचे पैसे परत मागतील!

---

ठेचा_भाकर

कॅशियर कृष्ण 😂 सुट्टे देता का बावा

---

राइनकाठ

जर्मनीत राहतो, इथल्या एका ऑपेराच्या कोरसमध्ये अधूनमधून गातो, म्हणून दोन पैसे टाकतो. तुमचा प्रश्न इकडे तीनशे वर्षं जुना आहे. १७३२ मध्ये लंडनला संगीतकार हँडेलचं एस्थर हे बायबलमधल्या गोष्टीवरचं काम थिएटरात करायचं ठरलं तर बिशपसाहेबांनी चर्चच्या गायक पोरांना अभिनय करायला मनाई केली, मग अभिनय न करता सगळे नुसते गायले. त्यातून इंग्लंडात पुढे ऑरेटोरिओची, म्हणजे अभिनयाशिवाय गाऊन सांगितलेल्या गोष्टीची, परंपराच पडली. सॅमसन आणि डेलायला तर लंडनच्या रंगमंचावर १९०९ पर्यंत येऊच शकलं नाही, बायबलमधली पात्रं नाटकात दाखवायला बंदी होती म्हणून.

पण तुमच्या खरं कामाचं आहे ते संगीतकार शोनबर्गचं मोझेस आणि आरोन नावाचं ऑपेरा. त्यात मोझेस हा धर्म आणणारा माणूस, आणि तो गातच नाही! सगळे गातात, आरोन तर लोण्यासारखा गातो, आणि मोझेस बोलणं आणि गाणं यांच्या मधलं काहीतरी खरखरीत करत राहतो, कारण त्याला जे कळलंय ते त्याला मांडता येत नाही. देवाचा आवाज म्हणजे एक माणूस नाहीच, अख्खा समूह, काही गाताहेत, काही त्याच वेळी बोलताहेत. दोनच अंकांचं संगीत झालं, तिसरा शेवटपर्यंत राहिला. स्टेजवर यायला १९५७ उजाडलं, तेही त्याच्या मृत्यूनंतर, झुरिकला. मी एकदाच ऐकलंय, बाहेर पडल्यावर ट्रॅमचा आवाजसुद्धा सूर वाटत होता.

तर @मांडवी, न दाखवणं ही शहरी हौस नाही हो. कधी कधी तोच विषय असतो.

---

पोथीपान

उशिरा आलो. मी जुन्या मराठीचा विद्यार्थी, तेव्हा पाल्हाळ लावणार, सहन करा.

तुम्ही सगळे एक गोष्ट विसरताय, ती लीळाचरित्रातच आहे. स्वामी स्वतःबद्दल बोलताना "मी" म्हणत नाहीत. "एथ" म्हणतात. एथ म्हणजे इथे. माझ्याकडे या असं न म्हणता इकडे या, मला आवडतं असं न म्हणता इथे आवडतं, असा सगळा प्रकार. पहिल्यांदा वाचताना माणूस गोंधळतो की बोलतंय कोण. ज्या माणसाने स्वतःला जागेचं नाव दिलं त्याच्यामागे लोकांनी जागा जपल्या, ओटे बांधले, हे मला फार सुसंगत वाटतं. त्यामुळे नामधारक म्हणतात तो ओटा स्टेजवर ठेवा आणि त्यावर कोणीही बसू नका. "एथ" एवढा शब्द आला की दिवा ओट्यावर.

दुसरं. स्वामींनी स्वतः काही लिहिलं नाही. आपल्याकडे जे आहे ते सगळं कोणीतरी आठवून सांगितलेलं. म्हाइंभट गावोगाव हिंडून ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडून एकेक लीळा गोळा करतोय, नागदेवाचार्य तपासताहेत. म्हणून दर दोन ओळींना "सर्वज्ञें म्हणितलें" येतं. हा तुमचा आयता ध्रुवपद आहे! कोरसने "सर्वज्ञें म्हणितलें" गायचं आणि पुढचे शब्द ज्याला आठवतात त्याने गायचे. स्वामींचा गायक कोण हा प्रश्नच उरत नाही, सगळेच.

आणि तिसरं, हे माझं लाडकं. लीळाचरित्राची मूळ पोथी खालशाच्या, म्हणजे सुलतानी फौजेच्या, धाडीत गेली. मग लोकांनी पाठ होतं तसं परत लिहिलं, म्हणून आज वेगवेगळे पाठ आहेत. त्यातला एक हिराइसेचा पाठ. एका बाईने डोक्यात ग्रंथ वाचवला. तुमची संगीतिका तिच्यापासून का सुरू होऊ नये? धूर, पळापळ, पोथी नाही, आणि एक बाई डोळे मिटून आठवायला बसलीये.

---

मालकंस

पोथीपान, तुम्ही कुठे होतात इतके दिवस!! मी पहिला अंक फाडणार बहुतेक.

---

पेटीवाले_काका

संहिता बदला नाहीतर ठेवा, आधी चाली काय लावताय ते सांगा. नाहीतर सगळं नाट्यगीताच्या वळणावर जाईल, महदाइसा यमनमध्ये ताना मारतेय आणि लोक माना डोलवताहेत. तेराव्या शतकातली ओवी गायची होती, बायकांच्या तोंडची. तुमच्या भागात जात्यावर, मांडवात, हळदीला म्हणणाऱ्या म्हाताऱ्या अजून असतील, त्यांच्याकडे आधी जा, राग नंतर शोधा. तीन-चार सुरांत फिरणारी ओळ, शेवटचा चरण आखूड, तिथे श्वास. एवढ्यावर अर्धा तास धरून ठेवता आला तर संगीतकार.

पेटी जमल्यास बाजूला ठेवा (मीच सांगतोय बघा, चाळीस वर्षं वाजवून). त्या बायकांचा गंधार पेटीच्या कुठल्याच पट्टीत बसत नाही. सारंगीवाल्या आजोबांचे गुडघे जपा.

---

मालकंस

@पेटीवाले_काका, एक जागा अशी आहे जिथे तुमचं मत हवंय. केशोबास, म्हणजे पंथातला पंडित केशवदेव, संस्कृतात रचू बघतो आणि नागदेवाचार्य त्याला अडवतात. स्मृतिस्थळ या जुन्या महानुभाव ग्रंथातलं ते वाक्य, "नको गा केशवदेया : येणें माझिया म्हातारिया नागवतील". म्हणजे बाबा रे संस्कृतात लिहिलंस तर माझ्या म्हाताऱ्या लुबाडल्या जातील, त्यांना कळणारच नाही. मी केशोबासाला शार्दूलविक्रीडित या संस्कृत वृत्तात ठेवलंय, चांगलं घोटीव, भारदस्त, मागे मृदंग. आणि नागदेव मध्येच नुसते बोलल्यासारखे ओवीत शिरतात, मृदंग थांबतो.

---

पेटीवाले_काका

मृदंग थांबवू नका. चुकत चुकत जाऊ द्या. त्या वादकाला ओवीची मात्रा सापडत नाहीये असं दिसू द्या, मग त्याने हात उचलायचा. लोक हसतील, आणि हसता हसता त्यांना कळेल.

---

कटकट्या

हे मात्र आवडलं. टोपीवरचे शब्द मागे घेतो. पण जुन्या मराठीत गाणार आहात का? कोणाला कळणार? तुमच्याही म्हाताऱ्या नागवतील की 😄

---

राइनकाठ

इथे वर पट्टी लावतात, गाणं चालू असताना शब्द दिसतात. फिलिप ग्लासचं सत्याग्रह १९८० मध्ये रॉटरडॅमला आलं ते अख्खं संस्कृतात, गीतेतले श्लोक, समोरच्या डच लोकांना एक अक्षर कळत नव्हतं. चाललं, गाजलं.

---

नामधारक

पट्टी नको हो. कटकट्या थट्टेत बोलले पण बरोबर बोलले. ज्या पंथाने म्हाताऱ्यांना कळावं म्हणून संस्कृत सोडलं त्याच्यावरचं नाटक म्हाताऱ्यांना न कळणाऱ्या भाषेत? स्वामींची वचनं आहेत तशी ठेवा, ती आमच्या घरात रोज म्हटली जातात. बाकीचं आजच्या बोलीत करा. ससा धावत येऊन मांडीआड लपतो, मागून पारधी येतात, ती लीळा वऱ्हाडीत झाली तर काय बिघडलं?

---

ठेचा_भाकर

पारध्याचा रोल मले द्या. गाता येत नाही पन पयता येते.

---

भगवी_पताका_९९

मुळात हा वेगळा धर्म आहे की हिंदूंचाच पंथ ते आधी ठरवा मग नाटकं करा. धाग्याच्या सुरुवातीलाच दिशाभूल आहे. भावना दुखावल्या तर

---

व्यवस्थापक

वरचा प्रतिसाद आणि त्यावरचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. इथे संगीतिकेबद्दल बोला.

---

मांडवी

मी अजून माझ्या मतावर आहे पण एक प्रश्न. गोविंदप्रभूंचं काय? तेही तुमच्या पंचकृष्णांतलेच ना. स्वामी दाखवायचे नाहीत तर तेही दाखवता येणार नाहीत, आणि ते नसले तर तिसऱ्या अंकात लग्न कोणाचं लावणार? नवरदेवाशिवाय वरात?

---

मालकंस

@मांडवी दादा, नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलंत. आठ दिवस याच्यावर अडले होते. गोविंदप्रभू म्हणजे रिद्धपूरचे लाडके, लहान मुलासारखे, कधी कोणाच्या घरात शिरून खातील, कधी रागावतील, गावाने त्यांना "राऊळ माय राऊळ बाप" म्हटलंय. मला ते स्टेजवर हवेच होते, विनोदाला जागाही तिथेच होती.

मग सुचलं की गावालाच सांगू दे. "ते बघ आले", "अगं माझ्या चुलीपाशी बसलेत", "अय्या लाडू उचलला". सगळ्या कोरसची नजर एकाच वेळी डावीकडून उजवीकडे फिरते, प्रेक्षकांचीही फिरते. आमच्या एका विद्यार्थिनीने लाडवाचं ताट नुसत्या नजरेने असं सांभाळलं की मलाच वाटलं कोणीतरी खरंच हात घातला. वरात निघते, माणसं बाजूला होऊन वाट देतात, मधली जागा रिकामी चालत जाते.

---

मांडवी

मधली जागा रिकामी चालत जाते. बरं. बघायला येतो. गोव्याहून अमरावती लांब आहे हो, राहायची सोय करा.

---

पोथीपान

परवानगीचं विसरू नका, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवावी लागते, गाण्यात असली तरी. वेळ हातात ठेवून पाठवा. आणि वचनं कुठल्या पाठातून घेतली ते स्वतःपुरतं लिहून ठेवा, विचारणारे विचारतात.

---

मालकंस

अपडेट देते, बरेच जण व्यक्तिगत निरोप पाठवून विचारताहेत.

संहिता पाठवलीये. सुरुवात आता हिराइसेपासून आहे. हॉलचं मात्र फिसकटलं, जो ठरला होता त्यांनी आयत्या वेळी "धार्मिक वाद नको" म्हणून तारीख काढून घेतली, नाव लिहीत नाही, दुसरा बघतोय. खर्रावाला मुलगा नागदेवाचार्य करतोय आणि एकविसावा दिवस आहे, ठेचा_भाकर यांना कळवावं म्हणाला.

काल पहिल्यांदा ओट्यासकट तालीम झाली. ओटा म्हणजे काय, सुताराने प्लायचा खोका करून दिलाय, गुडघ्याएवढा उंच, वर चुन्यासारखा पांढरा रंग, एका कोपऱ्याला खिळा अजून वर आलेला. दोन दिवस हॉलमध्ये पडून होता. मुलं त्यावर बसून चहा पीत होती, माझी पर्स त्यावर, तबल्याचा हातोडा त्यावर.

नामधारक दादांनी ओळख काढून दिली होती म्हणून एक तपस्विनी आजी आल्या होत्या बघायला, सोबत दोन बायका. मी सांगितलं आजी अजून कच्चं आहे. त्या म्हणाल्या, "गा तुम्ही." हिराइसा डोळे मिटून बसली, कोरस सुरू झाला, "सर्वज्ञें म्हणितलें". फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावलेलं, त्यावर नेमका कुठल्या तरी लोनवाल्याचा कॉल आला, सूर तुटला, मुलं फिस्सकन हसली. आजींनी लक्षच दिलं नाही. त्या उठल्या, चपला दाराशीच होत्या त्यांच्या, सावकाश चालत ओट्यापाशी गेल्या आणि माथा टेकवला. मग हात फिरवला त्यावर. तो खिळा हाताला लागला असणार. तिथे थांबल्या जरा, मग मला म्हणाल्या, "एवढा ठोकून घ्या."

परत सुरू केलं. तानपुऱ्याशिवायच. मी वीस वर्षं गाणं शिकवतेय, इतका खरा षड्ज त्या मुलांचा कधी लागला नव्हता.

तालीम संपल्यावर चहा आला. चौदाच्या चौदा जण जमिनीवर बसले. पर्स कुठे ठेवावी ते मला कळेना, मांडीवर घेऊन बसले.

आता नवीनच अडचण. ओटा टेम्पोतून दुसऱ्या हॉलवर न्यायचाय आणि बाकीच्या सामानाच्या खाली ठेवायला कोणी तयार नाही, वर ठेवला तर दोर बांधायला त्यावर पाय द्यावा लागतो, म्हणून टेम्पोवाला नाही म्हणतोय. ठेचा_भाकर, तुमच्याकडे बैलगाडी आहे ना?

---

ठेचा_भाकर

हाओ. बैलबी हायेत. कवा आनू सांगा.